नानांचा म्हणतात तो रस्ता

शरद,

काल सभा झाली. भाजीबाजाराच्या रस्त्याचा निकाल लागला. तुझा आराखडा की माझा, हा आपला वर्षभराचा तंटा एकदाचा मिटला. काय ठरलं ते मी तुला लगेच सांगणार नाही. जरा ताटकळ. रोज सकाळी मी कचेरी उघडून बसायचो आणि तू वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बोलत उन्हं वर आल्यावर उगवायचास. एक दिवस तू थांब.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं. मला तुझा हेवा वाटतो. ‘वाटायचा’ असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. माणूस गेला की असल्या गोष्टी त्याच्याबरोबर जातात अशी माझी समजूत होती. तुझ्या बाबतीत उलटंच झालं. तू होतास तेव्हा निदान समोर होतास, दोन शब्द सुनावता यायचे.

तू गेलास त्या सकाळी मी तुझ्या फाटकाशी उभा होतो. सुमनवहिनींना आत बायकांनी धरलं होतं आणि बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी. किती माणसं आली रे. दूधवाले आले, शाळेचे शिपाई आले, मखमलाबादच्या फुलं विकणाऱ्या बायका टोपल्या तशाच रिक्षात टाकून आल्या. हार्ट अटॅक, झोपेतच, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “तुम्ही कोण नानांचे?” मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात शेजारचा म्हणाला, “हे नानांबरोबरचे दुसरे साहेब ना.” मग त्याने मला नमस्कार केला आणि तो आत गेला.

दुसरे साहेब. आणि तू नाना. तुला नाना केलं तरी कोणी? कॉलेजात तू शऱ्या होतास, फाटक्या चपलांचा. पस्तिशीतच तू पंचवटीचा नाना झालास आणि मी साठीला टेकलो तरी साहेबच राहिलो. नीला म्हणते, “तुम्ही चेहराच तसा करून बसता.” माझी सख्खी बायकोही तुझ्या पक्षाची. रोज थोडं चाल म्हणून मी तिला सांगून सांगून थकलो होतो. तू एकदाच म्हणालास, “वहिनी, बाजारापर्यंत चालत जाऊन या, मला रस्ता तुमच्या डोळ्यांनी बघायचाय,” तर दुसऱ्या दिवशी बाईसाहेब बूट घालून तयार. आल्या आल्या तुलाच फोन, कुठे खड्डा, कुठे पाय मुरगळतो. मी समोर बसलेलो.

कचेरीच्या पाटीचंही तेच. दोन टेबलं, एक संगणक, आणि काम एकच: शहरातल्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला जागा काढून द्यायची. आपल्याबरोबर शिकलेले लोक पूल आखत होते, आपण फुटपाथ आखत बसलो. पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा तू म्हणालास, “मोहनचं नाव वर घाल.” मी उगीच मानभावीपणे “नको नको” केलं, आणि तू ऐकलंस. उभ्या आयुष्यात माझं एवढंच ऐकलंस.

आपला पहिला रस्ता आठवतो? सायकलच्या पट्ट्यात मोटरसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवायचे होते. दोन खांबांमध्ये अंतर किती ठेवायचं यावर आपण दिवसभर एकमेकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी तुझी सायकल मधून नेऊन बघितली, मग माझी. दोन्ही झक्क गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले आले, सायकलच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवलेले, आणि पहिल्याच खांबांशी अडकले. मागे ही रांग. रिकाम्या सायकलीवर फिरणारे त्या रस्त्यावर आपण दोघंच होतो आणि मापही आपण आपलंच घेतलं होतं. निरोप आला तसे दोघेही धावलो. चूक निम्मी तुझी, निम्मी माझी. पण तू पोचलास तो हसत हसत, “आम्ही गाढव आहोत, चला, धरा इकडून,” म्हणालास आणि कॅन उचलून पलीकडे द्यायला लागलास. मी टेप काढून पुन्हा अंतर मोजायला बसलो. शेवटी शिव्या साहेबांना आणि चहा नानांना. त्यातला अर्धा चहा तू बशीत ओतून माझ्यापुढे केलास. मी घेतला नाही.

त्यानंतरच तुझी ती रविवारची पद्धत सुरू झाली. कागदावरचा रस्ता कोणाला कळत नाही, तेव्हा तो रस्त्यावरच काढायचा. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून, सकाळी वर्दळ कमी असताना खऱ्या मापाने मारायची. इथे फुटपाथ, इथे सायकल, इथे हातगाडी. मग लोकांना म्हणायचं, चला, आपापलं सामान घेऊन चालून बघा. दूधवाल्याने कॅन आणायचे, फुलवालीने टोपली, म्हाताऱ्याने काठी. दुपारपर्यंत टायरांनी रेघा पुसून जायच्या, पण तोवर लोक त्या रस्त्यावरून चालून, भांडून, पुन्हा चालून मोकळे झालेले असायचे. मी त्याला पोरखेळ म्हणायचो. आणि घरी जाऊन नीलाला सांगायचो, शऱ्याचं डोकं म्हणजे काय आहे, काही विचारू नकोस. ही कल्पना मला सुचली नाही याचा मला अजून राग आहे. आणि तिच्यामुळे मी खुर्चीतून उठून रस्त्यावर उभा राहायला शिकलो, हेही खरं आहे. दोन्हीतलं काहीच तुझ्यासमोर बोललो नाही.

मग आला हा भाजीबाजाराचा रस्ता. शाळेपासून बाजारापर्यंतचा, अरुंद. सकाळी शाळेची मुलं, फुलांच्या टोपल्या, हातगाड्या, स्कूटर, भाजीचा टेम्पो, सगळं एकाच वेळी. माझं म्हणणं सरळ होतं: चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वेगळी जागा द्या आणि मध्ये काँक्रीटचा कठडा घाला, म्हणजे गाडी आत शिरणारच नाही. तुला कठडाच नको होता. सगळा रस्ता एका पातळीत, फरसबंदीचा, आणि झाडं आणि वळणं अशी टाकायची की गाडीवाल्याला बैलगाडीच्या चालीनेच जावं लागेल. मग चालणारा कुठूनही चालो.

“मोहन्या,” तू म्हणायचास, “वेगळं ताट वाढलं की माणूस घरातला राहत नाही, पाहुणा होतो. रस्ता आधी चालणाऱ्याचा आहे. त्यालाच तू कोपऱ्यात का बसवतोस?”

“तुझ्या रस्त्यावर गाडीवाला भला माणूस असावा लागतो.”

“होतो भला. नीट वळण दिलं की होतो.”

“आणि नाही झाला तर?”

“तर तू आहेसच काँक्रीट घेऊन.”

वर्षभर हेच. कधी कचेरीत, कधी सायकलवर, एकदा तर तुझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता हातात धरून. सुमनवहिनींनी डोळे मोठे केले तेव्हा कुठे आपण अक्षता टाकल्या.

पण हा तंटा नुसता आराखड्यांचा नव्हता, ते तुलाही ठाऊक होतं. द्वारकेच्या चौकात ट्रकांच्या मधून तू सायकल काढायचास आणि वर ट्रकवालाच तुला हात करायचा. मी मागे, उतरून, सायकल हातात धरून कडेकडेने. मी भित्रा माणूस आहे. माझे रस्ते भित्र्या माणसांसाठी असतात. शहरात भित्रेच जास्त राहतात, हे माझं म्हणणं तू कधी खोडलं नाहीस आणि कधी मान्यही केलं नाहीस. तुझं नानापण, तुझी माणसं, तुझ्या त्या रविवारच्या जत्रा, हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुझं न भिणं मात्र मला हवं होतं. आपण एकाच गल्लीत सायकल शिकलो, एकाच उतारावर पडलो. तू उठून पुन्हा बसलास आणि मी ती घरापर्यंत ढकलत नेली. तेव्हापासून ते तसंच आहे.

ठरलं होतं असं की दोन्ही आराखडे लोकांना दाखवायचे. एका रविवारी माझा, पुढच्या रविवारी तुझा, आणि मग सभेत लोकांनीच निवडायचा. मला फक्की मारता येत नाही, रेघ वाकडीतिकडी होते. म्हणून माझा रस्ताही तूच आखलास. मी नुसती टेप धरली. तू कमरेत वाकून, घाम पुसत, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ नेलीस. जो रस्ता तुला पटत नव्हता तो तू इतक्या निगुतीने काढलास की मला कसंतरीच झालं. कठड्याच्या जागी विटा मांडल्यास. फुलवाली मंदाबाई डोक्यावर टोपली घेऊन सगळ्यात पुढे चालली. बाजाराच्या टोकाला पोचून म्हणाली, “हितून गाडीचं भ्याव नाय वाटत बगा.” मला इतका आनंद झाला की मी पाठ फिरवून उभा राहिलो.

आणि तू विटांच्या ढिगावर चढलास. “ऐका,” म्हणालास, “हा आमच्या मोहनसाहेबांचा आराखडा. माझा पुढच्या रविवारी. तो बघितल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नाहीत.” लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. कटलरीच्या दुकानाचे बागूल माझ्या कानाशी लागून म्हणाले, “नानांचं हे असंच. चांगलं काही सोताकडं घेणारच नाहीत.” मी मनात म्हटलं, पुढच्या रविवारी तुझा आखला की आपोआप कळेल कोणता कोणाचा.

बुधवारी संध्याकाळी कचेरीचं कुलूप लावताना तू म्हणालास, “तुझा रस्ता छान दिसला रे. चुकलाय, पण छान दिसला.”

“कुठे चुकलाय?”

“रविवारी दाखवतो. तोंडी सांगून तुला कळायचं नाही.”

मी चिडलो. तू शीळ घालत जिना उतरलास. गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

तुझा आराखडा माझ्याकडे आहे. गेले काही दिवस मी तो टेबलावर पसरून बघतोय. झाडं दिसतात, वळणं दिसतात. माझं कुठे चुकलं ते त्यात दिसत नाही. कागदावर तुझं कोणालाच काही कळत नाही, हे तूच म्हणायचास.

दहाव्याला गोदाघाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. पुतणे बोलून झाले, वहिनींनी हात जोडले, कोणी म्हणालं त्यांचा जीव त्या रस्त्यात अडकलाय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू असल्या गोष्टींना हसायचास, मीही हसतो, पण मी पुढे होऊन म्हणालो, “रस्ता होईल, शरद.” आणि आला रे कावळा. कोणाचा रस्ता, ते त्याने विचारलं नाही.

मग महापालिकेतून निरोप आला की दोन दोन आराखडे चालणार नाहीत, लोक गोंधळतात, सभेत एकच आणा. मी माझा नेला. याची मला लाज वाटत नाही. माझ्या मते तोच बरोबर आहे आणि तू असतास तरी मी त्यासाठीच भांडलो असतो. तू असतास तर मात्र हट्टाने दोन्ही नेले असतेस आणि माझा माझ्यापेक्षा चांगला मांडला असतास. हे मला पुरतं माहीत आहे, आणि जळफळाट नेमका त्याचाच होतो.

तर आता ऐक काय झालं ते.

शाळेचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सुमनवहिनी. मी पडद्यावर आराखडा लावला, कठडा दाखवला, सायकलींची जागा दाखवली, टोपल्या टेकायला केलेले ओटे दाखवले. तुझ्या बाजूचे सगळे प्रश्न मी पाठ करून गेलो होतो, एकेकाचं उत्तर तयार होतं. कोणी एक विचारला नाही. बागूल उठले. “हा तर नानांचा रस्ता,” म्हणाले. “आम्ही सगळे चाललोय याच्यावरून. नानांनी सोताच्या हातानं आखला. याला कोण नाय म्हणणार?” सगळे हात वर. मग त्यांनीच पुढे सुचवलं की रस्त्याला तुझं नाव द्यावं, आणि पुन्हा सगळे हात वर. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या.

मी माईक हातात घेतला. म्हणालो, “एक सांगायचं राहिलं. हा आराखडा माझा आहे. शरदचा वेगळा होता.”

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. गेलेल्या मित्राचं श्रेय मी लाटतोय असं त्यांना वाटलं, ते मला कळलं. मागून मंदाबाई उठली. चिडली नव्हती, समजावत होती. “साहेब, त्या दिवशी नाना बी तुमचंच नाव घेत व्हते. जित्तेपणी त्यांनी तुमचं घेतलं, आता तुमी त्यांचं घ्या. ते काय आता परत येनारेत का सांगाया?”

वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. “राहू द्या, भाऊजी.” मी बसलो.

बाहेर आल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्या रविवारी ते घरी आले ना, तेव्हा जेवताना दुसरं काही बोलणंच नव्हतं. मोहनचा रस्ता लोकांना आवडला, मोहनचा रस्ता लोकांना आवडला. इतके खूश होते.” त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

अरे, तुझा आराखडा पुढच्या रविवारी दाखवून मग मत मागायचं होतं. माझा आवडला म्हणजे तुझा पडणार, एवढं तर तुला कळत होतं. आणि तू जेवताना खूश. मी तुझ्यावर जळत आलो, अगदी त्या उतारापासून, आणि तुला माझा एकदाही हेवा वाटला नाही. एकदा वाटायला हवा होता रे. एका रविवारपुरता. मी त्यावर उरलेले दिवस आरामात काढले असते.

तर निकाल हा असा. रस्ता माझा होतोय आणि पाटी तुझी लागतेय. पाटीबद्दल माझी तक्रार नाही, माझं मन तुझ्या संगतीत एवढं मोठं झालंय. पुढच्या महिन्यात खोदकाम सुरू होईल. कठड्याचं काँक्रीट एकदा पडलं की ते हलायचं नाही, आणि मला आता रोज वाटतं की तुला काहीतरी दिसलं होतं. मंदाबाईला दिसलं नाही, बागुलांना नाही, मला तर नाहीच. मी काल घरी आलो आणि नीलाला विचारलं, “तुला माझ्या रस्त्यात काही खटकतं का?” ती म्हणाली, “छान आहे की. शरदभाऊजींनीच आखलाय ना.”

काल एवढी माणसं जमली होती, शरद, आणि हा रस्ता चुकलाय असं म्हणणारं त्यांत एकही नव्हतं.